हंसाबेन, अक्षरं मोठी करायची राहिली

हंसाबेन,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी टायपिंगच्या दुकानातच होते, तुमच्या जागेवर. खुर्ची बदलली आहे, जागा तीच. तलासरीत तहसील कचेरीकडे जाणारा रस्ता, मागे झेरॉक्सचं मशीन, पुढ्यात माणसं. जातीच्या दाखल्यासाठी एक बाई समोर बसली होती. मी फोन ठेवला आणि तिचा फॉर्म पुरा केला. पुन्हा एकदा तपासला. मगच शटर अर्धं ओढून आत जाऊन बसले.

दुकानाचे मालक, शेठ म्हणाले, "तू तिच्या हाताखाली तयार झालीस, तूच काहीतरी लिही. छापून आणू." मी हो म्हटलं. त्यांना वाटतंय, मी तुमच्या टायपिंगच्या स्पीडबद्दल लिहीन आणि तुम्ही किती शांत होतात ते लिहीन. तेही लिहीन. पण शेठ, हे शेवटपर्यंत वाचा, मग छापायचं की नाही ते ठरवा.

बेन, पहिल्यांदा मी दुकानात आले तेव्हा बीएच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या पाड्यातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरायचे, तुम्हालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. तुम्ही म्हणालात, "सरस. पण बोटं कुठे ठेवायची ते येतं का?" नाही येत म्हटलं. "मग बस इथं."

समोर तो मॉनिटर. त्याच्या पाठीनेच अर्धं टेबल अडवलेलं. बटण दाबलं की आतून धप्प आवाज यायचा, चित्र एकदा थरथरायचं आणि मग हळूहळू उजेड वर यायचा. मी काचेजवळ हात नेला तर हातावरचे केस उभे राहिले. मी हात मागे घेतला.

"घबराय छे शूं? कुत्रं नाही ते. चावत नाही."

त्याच्या डोक्यावर तुमचा डबा असायचा. दुपारपर्यंत थेपले कोमट राहायचे. पावसाळ्यात दमट झालेले स्टँपपेपरही तिथेच वाळत पडायचे. कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणारा माणूस दर वेळी कपाळाला हात लावायचा. "बेन, ती भोकं हवेसाठी आहेत हो!" आणि तुम्ही डबा उघडून त्याच्यापुढे धरायच्या. "थेपलुं भोकमां जाय छे? नाही ना? मग घे, खा."

तुमच्या बोलण्यात निम्मं गुजराती, पण कागदावर उतरायचं ते मराठी असं की कचेरीत कुणाला बोट ठेवायला जागा मिळायची नाही. पूर्वेकडच्या डोंगरातली माणसं यायची, त्यांच्या बोलीत सांगायची. बाप गेला, भाऊ बोलत नाही, बांध कुणी सरकवला. तुम्ही ऐकत ऐकतच टाइप करायच्या. मधूनच "हां, पछी? मग?" एवढंच. अर्ध्या तासाच्या रडगाण्याचा तुमच्या हातून सोळा ओळींचा अर्ज व्हायचा, आणि त्या सोळा ओळींत त्या माणसाचं एकही म्हणणं गळलेलं नसायचं. मी मराठी साहित्य घेऊन पदवी मिळवली, पण नेमकं लिहायचं कसं ते मला त्या खुर्चीशेजारी उभं राहून कळलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तेव्हा मला वाटायचं, दहावी झालेल्या बाईला हे कशाला सांगायचं.

तुमचे तीन नियम होते. पहिला, आकडा आकड्यात लिहिला की कंसात अक्षरांतही लिहायचा. दुसरा, जुन्या माणसाची फाइल उघडून तिच्यावर नव्याचं नाव टाकायचं नाही, प्रत्येकाचा अर्ज कोऱ्या पानावर. मी एकदा म्हटलं, "बेन, मजकूर तर तोच असतो, वेळ वाचेल." तुम्ही म्हणालात, "जुन्या माणसाच्या कपड्यात नवा माणूस घालू नको. खिशात काय राहिलं असेल, काय माहीत."

आणि तिसरा नियम म्हणजे प्रिंट काढण्याआधी मॉनिटर फिरवायचा. त्याला खाली गोल बैठक होती. तुम्ही दोन्ही हातांनी तो अवजड डबा पाहुण्याकडे पाट सरकवावा तसा हळूच अर्जदाराकडे वळवायच्या. "बघ. हे तुझं नाव. हे गाव. हा तुझा गट नंबर. बरोबर?" त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं. तरी ते वाकून बघायचे. नाव कळलं नाही तरी आपल्या जमिनीचा आकडा त्यांना कळायचा, आपली गाय कळपात कळावी तसा. बरोबरचे दोघे-तिघेही खांद्यावरून बघायचे. त्या काचेवर कुठूनही बघा, अक्षर दिसायचं.

मी बीए झाले तेव्हा तुम्ही पेढे आणलेत. शेठ डहाणूला राहायचे, दुकानात फक्त शनिवारी यायचे. त्या शनिवारी ते म्हणाले, "आता दुकान हिच्याकडे. ग्रॅज्युएट आहे, ऑनलाइनचं सगळं हिला येतं." पंधरा वर्षं तुम्ही तिथे बसत होतात. मला वाटलं, तुम्हाला राग येईल. तुम्ही उठलात आणि खुर्ची माझ्याकडे सरकवलीत. मी बसले. एकदा "नको" म्हणायला हवं होतं, तेही म्हटलं नाही.

दुकान हातात आल्यावर मी पहिलं काम केलं ते मॉनिटर बदलायचं. कचेरीत सगळ्या टेबलांवर एलसीडी आले होते आणि आपल्याकडे तो पाठीवर पोतं घेतलेला डबा. मला लाज वाटायची. वापीला जाऊन एलसीडी घेतला आणि खोका मांडीवर घेऊन आले. अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली, बाजूची बाई विचारायला लागली, "टीव्ही का?" मी म्हटलं, "नाही, ऑफिसचा आहे." दुकानाला मी ऑफिस म्हटलं.

लावला. टेबल एकदम मोकळं झालं. सगळे बघायला आले. तुम्ही खुर्ची ओढून बसलात, डोळे बारीक केलेत, पुढे वाकलात, मागे झालात.

"दीकरी, अक्षरं कुठे गेली?"

"आहेत ना, बेन. यावर जागा जास्त असते, म्हणून लहान दिसतात."

"मोठी कर ने."

मी सेटिंग बदलून दाखवलं. मोठी झाली, पण कडा पसरल्यासारख्या, पावसात भिजलेल्या बोर्डावरच्या रंगासारख्या. या पातळ स्क्रीनचं तसंच असतं, त्याच्या ठरलेल्या मापावरच तो स्वच्छ दिसतो. मी परत होतं तसं केलं.

"ती मोठी चालतील," तुम्ही म्हणालात. "फाटकी असली तरी चालतील."

"घाण दिसतं, बेन. नवीन आणलाय तो काय धुरकट बघायला? चष्मा बदला."

फक्त स्क्रीनवरचा कागद मोठा करायची युक्ती होती, ती दाखवली. पण मग ओळीचा शेवट स्क्रीनच्या बाहेर जायचा आणि फाइलींची नावं मुंगीएवढीच राहायची. तुम्ही ओळ इकडे-तिकडे सरकवत टाइप करायला लागलात. तुमचा हात मंदावला. पूर्वी सोळा ओळींना जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात सहा व्हायला लागल्या. लोक बघायचे. मीही बघायचे. सेटिंग बदलायला मला दोन मिनिटं लागली असती. दिवसातून दोनदा, तुमच्या वेळी मोठी आणि माझ्या वेळी लहान. एकच कॉम्प्युटर होता आणि आपण दोघीच होतो. मी ते केलं नाही. आता कारण शोधते तेव्हा एकच सापडतं. स्क्रीन स्वच्छ दिसत होता आणि तो मी आणला होता.

आणि तो वळत नव्हता. त्याची मान पुढे-मागे हलायची, बाजूला नाही. अर्जदार बाकावर बसायचे, तिथून खालून बघितलं की सगळं फोटोच्या निगेटिव्हसारखं उलटं दिसायचं आणि बाजूने बघितलं की अक्षरं राखेची. तुम्ही त्याला दोन्ही हातांनी उचलून अर्जदाराच्या तोंडासमोर धरायला लागलात. मी म्हटलं, "बेन, वायर तुटेल." तुम्ही ठेवून दिलात.

"हा एकट्याचा आहे," तुम्ही म्हणालात. "समोर बसेल त्यालाच दिसतो."

"प्रिंट काढून दाखवूया ना!"

"प्रिंट काढली की माणूस हो म्हणतो. काचेवर असेपर्यंतच तो नाही म्हणतो."

आपला वाद तिथेच राहिला. मला तेव्हा वाटलं, मी जिंकले.

देवजीबाबा आले तो बाजाराचा दिवस होता. डोंगराकडच्या पाड्यातले म्हातारे, वडिलांच्या जमिनीवर वारस म्हणून नाव लावायचा अर्ज. तुम्ही पोस्टात गेला होतात, रांग वाढली होती. मी म्हटलं, मीच करते. त्यांच्याच गावच्या एका माणसाचा तसलाच अर्ज महिन्यापूर्वी केलेला होता. मी ती फाइल उघडली. गाव तेच, तालुका तोच, मजकूर तोच. नाव बदललं, वडिलांचं नाव बदललं. गट नंबर बदलायचा राहिला. प्रिंट काढली, बाबांनी अंगठा केला, घडी घालून खिशात ठेवली. काचेवर त्यांना काही दाखवलं नाही. दिसलंच नसतं त्यांना.

दोन आठवड्यांनी, शनिवारी, ज्याची फाइल मी वापरली होती तो माणूस दुकानाच्या पायरीवर ओरडत आला. हातात तोच अर्ज, मागे देवजीबाबा. तलाठ्याकडे त्याला कळलं होतं की देवजी त्याच्या गट नंबरावर वारस लावायला निघालाय. पिढ्यान् पिढ्या एका विहिरीचं पाणी पिणारी घरं, त्यांच्यात मारामारीपर्यंत गेलं होतं. "मी नाय सांगितला तो नंबर. मी माझाच सांगितला," एवढंच बाबा परत परत म्हणत होते.

शेठ आत बसले होते. त्यांनी कागद घेतला. "कोणी टाइप केलं हे?"

तुम्ही माझ्या उजव्या हाताला उभ्या होतात. तुम्ही शेठच्या हातातल्या कागदावर नजर टाकलीत. मीही टाकली. गट नंबर होता, पण कंसात अक्षरं नव्हती. माझ्या कागदांवर कधीच नसायची. तुमच्या हातचा कागद तसा निघालाच नसता, हे आपल्या दोघींना एका क्षणात कळलं, आणि बाकी कुणालाच कळलं नाही.

मी म्हणाले, "बेनना हल्ली नीट दिसत नाही."

एवढंच. "बेननी केलं" असं मी म्हटलं नाही. जे म्हटलं त्यातला शब्दन् शब्द खरा होता. इतकी वर्षं मी त्याच आडोशाला उभी राहिले की मी खोटं बोलले नाही. बेन, खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. खोटं निदान उघडं तरी पडतं.

शेठ तुमच्याकडे वळले. तो माणूस तुमच्याकडे वळला. "अहो, दिसत नाही तर घरी बसा ना! आमची डोकी फुटायची वेळ आणलीत." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने बघितलं असतंत तर मी तुम्हाला उलट बोलले असते, मला ते येतं. तुम्ही विद्यार्थ्याची चुकलेली ओळ बघावी तसं बघितलंत, आणि शेठना म्हणालात, "कागद द्या. नवा करून देते. आत्ता."

त्या दिवशी तुम्ही कोऱ्या पानावर अर्ज केलात. स्क्रीनला नाक लागेल इतकं वाकून. सगळे उभे राहून बघत होते. तेव्हासुद्धा मी सेटिंग बदललं नाही.

महिना संपल्यावर तुम्ही आला नाहीत. चिखल्याला भावाकडे राहायला गेल्याचं कळलं. शेठ म्हणाले, "वय झालं." मी म्हटलं, "हो ना." जुना मॉनिटर टेबलाखाली होता, तो भंगारवाला घेऊन गेला. नियमही सगळे त्याच्यामागून गेले. मी वेगाने काम करायला लागले, नाव झालं. लोक मला मॅडम म्हणायला लागले. मला ते आवडतं, खोटं कशाला सांगू.

मधल्या तेरा वर्षांत आपण एकदाच भेटलो, डहाणूत, स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर. तुमच्या हातात चिकूची पिशवी होती. तुम्ही माझ्या मुलीच्या गालाला हात लावलात, कितवीत आहेस विचारलंत. मग अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं मला म्हणालात, "अजून जुन्या फाइलवरनंच करतेस का?"

मी हसले. "नाही हो, बेन."

करत होते. त्या सकाळीच चार केले होते. तुम्ही मान हलवलीत आणि पिशवीतून दोन चिकू काढून मुलीच्या हातात ठेवलेत. तेव्हा मला सांगता आलं असतं. रस्त्यावर गर्दी होती, मुलगी सोबत होती, ही कारणं मी घरी पोचेपर्यंत तयार केली. त्या जागेवर उभी असताना एकही कारण नव्हतं.

परवा चिखल्याला तुमच्या बेसण्याला, दुखवट्याला बसतात तिथे, आले. अंगणात पांढऱ्या चादरी, तुमचा जुना फोटो, बायका हळू आवाजात बोलत होत्या. तलासरीहून आलेला एकजण म्हणत होता, "बेनसारखं टायपिंग कुणाचं नाही. पण शेवटी डोळ्यांनी दगा दिला. एक गट नंबर चुकला आणि बिचारीने कामच सोडलं." आजूबाजूच्या सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांना ते माहीत होतं. म्हणजे तेरा वर्षं हे असंच सांगितलं जात होतं, तुमच्याच भावाच्या अंगणापर्यंत.

तुमचे भाई माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "तुम्ही तिच्याबरोबर होता ना? तिला खरंच इतकं दिसत नव्हतं? घरी तर ती सुईत दोरा घालायची. विचारलं तर काही बोलायची नाही."

बेन, मी म्हणाले, "लांबचं दिसायचं, भाई. स्क्रीनवरचं जरा अवघड जायचं."

पुन्हा तेच. शब्दन् शब्द खरा. तुमच्या फोटोसमोर.

तिथून मी घरी गेले नाही. रिक्षा केली आणि देवजीबाबांच्या पाड्यावर गेले. बाबा अजून आहेत. खाटेवर बसून असतात. मी कोण ते त्यांना आधी कळलं नाही. मग म्हणाले, "हां, ती कंप्युटरवाली." मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. फाइल, नंबर, शनिवार, माझं वाक्य. सांगताना वाटत होतं, म्हातारा चिडेल, मला चार शिव्या देईल, आणि मग मला हलकं वाटेल.

ते चिडले नाहीत. म्हणाले, "बेन आली होती ना इथं."

"कधी?"

"त्याच वेळी. भांडण झाल्यावर. रिक्षात बसून आली एवढ्या लांब. आधी त्याच्या घरी गेली, मग माझ्याकडे. दोघांना समोरासमोर बसवलं. नवा कागद दाखवला, त्याला त्याचा नंबर दाखवला, मला माझा. म्हणाली, यांचा दोष नाय, चूक दुकानाची."

"दुकानाची?"

"हां. मी विचारलं तिला, तुझ्या हातून झाली का? तर परत तेच. दुकानाची." बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुझं नाव नाय घेतलं तिनं. स्वतःचं पण नाय घेतलं. तेव्हाच मला वाटलेलं, हिनं नाय केलेलं. केलं असतं तर बोलली असती. तशी बाई होती ती."

मग बाबा म्हणाले, "आता मला सांगून काय उपयोग? माझं नाव कधीच लागलं सातबाऱ्यावर. मला कशाला सांगतेस?"

हेच खरं होतं. ज्याचं सगळं मिटलं होतं, जो मला काही करणार नव्हता, त्याच्याकडे मी गेले होते. ज्यांनी समोर बसून विचारलं होतं, त्यांना अर्धं सांगून आले होते.

बेन, तुम्ही मोठ्या मनाने माफ केलंत असं मी लिहिणार नाही. तुम्ही तसं कुठे म्हणाला नाहीत, आणि ते तुमच्या तोंडी घालायचा मला अधिकार नाही. तुम्हाला माझा रागही असेल. स्टेशनबाहेर तो प्रश्न विचारलात तेव्हा थोडा होताच. तुम्ही फक्त खोटं बोलायला नकार दिलात, माझ्यासाठीही आणि माझ्याविरुद्धही. मला ते आजपर्यंत जमलेलं नाही.

उद्या तुमचं बारावं. सकाळच्या पहिल्या गाडीने चिखल्याला येते आहे. भाईंनी पुन्हा विचारायची वाट बघणार नाही, आणि त्यांना एका बाजूलाही बोलावणार नाही. तलासरीचे लोक जेवायला असतील, शेठ असतील, ज्याचा गट नंबर पडला होता तो माणूसही असेल. डोळ्यांचं, स्क्रीनचं, गर्दीचं काही सांगणार नाही. उभी राहून एवढंच सांगेन की देवजीबाबांचा तो कागद मी टाइप केला होता, तेव्हा हंसाबेन दुकानात नव्हत्या, आणि मी त्यांना पुढे केलं.

त्यानंतर भाईंनी मला पानावर बस म्हटलं तर बसेन. ऊठ म्हटलं तर उठेन.